शिवलिंगप्पाची डोंगरगाडी

आमच्या तेलगिरणीमागच्या बागेत डोंगरगाडी आहे. तिच्या दाराशी परवा संगमरवरी पाटी बसली. पाटीवर कोरलंय की शेठ शिवलिंगप्पा यांनी मोठ्या धाडसाने ही गाडी सोलापुरास आणली व पहिली स्वारी स्वतः केली. मजकूर लिहिणारा शाळामास्तर, लिहवून घेणारा माझा धाकटा भाऊ. मास्तरला पोट आहे, त्याचं सोडून द्या. भावाला काय आहे? पहिल्या स्वारीत गाडीत कोण होतं आणि शेठ कुठं उभे होते, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण गाडीत मी होते. मी काशम्मा, शिवलिंगप्पाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले ती इथंच राहिले. पुढं शिवलिंगप्पाची बायको वारली, तेव्हा त्याची एकुलती पोर, गुरम्मा, मीच वाढवली. दगडावर काय कोरायचं ते कोरा, झालं काय ते मी सांगते.

तीस सालच्या मार्शल लॉचा धुरळा बसून दोन-तीन वर्षं झाली असतील. गिरणीच्या यंत्राचा पट्टा तुटला म्हणून शिवलिंगप्पा मुंबईला गेला आणि पट्ट्याशिवाय परत आला.

"अक्का," तो म्हणाला, "डोंगर आनलाय."

"कसला डोंगर?"

"बसायचा."

मुंबईत कुठलंसं प्रदर्शन उठलं होतं आणि तिथली लाकडी डोंगरगाडी जळणाच्या भावात निघाली होती. शहाण्या माणसांनी ती जळण म्हणूनच घेतली असती. आमच्या शेठनी गाडी म्हणून घेतली. मालगाडीच्या डब्यांतून फळ्या, खांब, रूळ आले, तेव्हा निम्मं गाव मालधक्क्यावर जमलं. खांब उतरला की "वा", फळी उतरली की "वा". गावाला कामं नाहीत असं कोण म्हणतं! पुढं सुतार महिनाभर फळ्यांवरच्या खुणा जुळवत बसले होते आणि शिवलिंगप्पा त्यांच्यामागं हात बांधून फिरत होता, जणू त्या खुणा त्यानंच केल्या होत्या.

अखेर उभा राहिला तो डोंगर असा: दुमजली घराएवढा एक चढ, पुढं तेवढाच उतार, मग एक धाकटं टेकाड, आणि शेवटी सपाटीवर आडवा घातलेला ओंडका. रुळांवर एक उघडी गाडी. तिच्यात दोन बाकडी, आणि सगळ्यांच्या मागं उंचावर एकट्याची एक बैठक. त्या बैठकीपाशी लाकडी दांडा होता. दांडा ओढला की चाकं आवळली जाऊन गाडी थांबायची. ओढला नाही तर गाडी ओंडक्यावर. पहिल्यांदा सरकीची पोती बसवून गाडी सोडली, तेव्हा दांड्यावर कुणाला बसवायचं शेठना सुचलंच नव्हतं. ओंडक्याचे दोन तुकडे झाले आणि सरकी आम्ही शेजारच्या शेतातनं वेचून आणली. मग रेल्वेत मालगाडीवर काम केलेला मानसिंग म्हणून एक माणूस दांड्यावर ठेवला.

मुंबईत गाडी चढावर ओढायला इंजिन होतं. ते शेठनी घेतलं नव्हतं. डोंगर घेतल्यावर इंजिनाची काय गरज! मग जेऊरकडचा रामहरी आणला. जन्मभर मोट हाकलेला माणूस. त्यानं विहिरीवर असते तशी बैलांसाठी उताराची धाव खणली, चढाच्या माथ्यावर चाक बसवलं, चाकावरून नाडा घेतला आणि बैलजोडी जुंपली. बैल धावेवरून खाली गेले की गाडी कुरकुरत वर यायची. माथ्यावरच्या फळ्यांवर रामहरी उभा असायचा. तो गाडीला आकडा अडकवून नाडा काढून घ्यायचा, आणि शब्द कानावर पडला की आकडा सोडायचा.

शब्द कुठला, यावरून घरात वाद झाला. आमच्या घरात कानडी, म्हणून शिवलिंगप्पा आधी म्हणाला, 'बिडु' म्हणायचं. म्हणजे सोड. रामहरीला कानडीचा गंध नाही. पहिल्याच दिवशी 'बिडु' ऐकल्यावर तो खिशात बिडी चाचपायला लागला. मग 'सोडा' हा शब्द ठरला. मोटेवरही तोच, रामहरीच्या अंगवळणी पडलेला.

मी म्हटलं, "अरे, गड्ड्याच्या जत्रेत पावला-पावलावर सोडावाले असत्यात. घंटा बांध की एक."

"घंटा देवळात असती अक्का. तुला ह्यातलं काय कळतंय? तू चुलीपाशी बघ."

मी चुलीपाशी बघितलं. चुलीपाशी निदान कशाला काय म्हणायचं ते ठरलेलं असतं.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी? लोकांना वाटलं, शेठ जत्रेत तिकीट लावणार. तिकीट दुय्यम. शिवलिंगप्पाला मैंदर्गीच्या मडिवाळप्पाला व्याही करायचं होतं. मडिवाळप्पा म्हणजे मोठी बागायत, दारात घोडी, आणि तोंडात सतत 'आमच्याकडं'. आमच्याकडं अशी वांगी, आमच्याकडं असा ऊस. आम्हाला तो 'डबेवाले' म्हणायचा, तेलाच्या डब्यांवरून. अशा माणसाच्या घरी पोर द्यायची तर आधी त्याचे डोळे दिपवायला हवेत, असं माझ्या भावाच्या मनानं घेतलं. डोळे दिपवायला दिवा पुरतो. यानं डोंगर आणला.

मडिवाळप्पाचा पोरगा गुरुसिद्धप्पा पुण्याला शिकायला होता. शिकला काय, तर भांग पाडायला. हाताला घड्याळ होतं, पण वेळ विचारली की बापाकडं बघायचा. मला तो पहिल्या नजरेत कळला. पण गुरम्मानं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून पोर वेगळीच झाली होती. भाकरी थापता थापता मला विचारायची, "आत्ती, मैंदर्गी लई लांब हाय का गं?" लांब नव्हती. तेच माझं दुःख होतं. जन्मभर त्या घरात या पोरीनं मान खाली घालून वांग्यांचं कौतुक ऐकायचं, हे मला आतून खात होतं, आणि बोलायची सोय नव्हती. तिलाच ते हवं होतं.

संक्रांतीला गड्डा भरला. मडिवाळप्पा लेकासह आला. पुरणपोळी झाली, विडे झाले, आणि मंडळी डोंगराकडं निघाली. आमच्या मागून अर्धी जत्रा. शिवलिंगप्पानं बैलांच्या शिंगांना बेगड लावली होती, गाडीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. स्वतः फेटा असा बांधला होता की मान वळवली तरी फेटा पुढंच बघायचा.

मडिवाळप्पा लांबूनच थांबला. मान मागं टाकून त्यानं माथ्याकडं बघितलं.

"काय री शिवलिंगप्पा, ही गाडी मानसं मारत न्हाय न्हवं?"

"छे छे! लई सुखाची हाय."

"मग आसं करा. आदी तुमची पोरगी बसवा. पोरगी बसली तर आमी बी बसू."

म्हणजे पाणी किती खोल ते दुसऱ्याच्या पोरीला ढकलून बघायचं. हा माणूस आमचा व्याही होणार होता! आणि माझ्या भावानं काय करावं? एवढं बोलणं ऐकून त्याला राग यावा, निदान घाम यावा. तो हसला. "बसवतो की," म्हणाला, आणि गुरम्माला खूण केली. मी पदर खोचून पुढं झाले. "ती बसनार आसंल तर मी बी बसनार," म्हटलं. शिवलिंगप्पाला ते चाललं. माझं वजन मोजून त्यानं कधी काही केलेलंच नव्हतं.

आम्ही दोघी पुढच्या बाकड्यावर बसलो. मडिवाळप्पा हाश्शहुश्श करत मागच्या बाकड्यावर बसला, एकटा, कारण दुसऱ्याला जागा उरली नव्हती. राहिला गुरुसिद्धप्पा. त्यानं गाडीला एक फेरी मारली आणि मानसिंगच्या उंच बैठकीकडं बोट केलं.

"आमी तितं बसनार."

"मालक, ती दांड्याची जागा हाय," मानसिंग म्हणाला.

मडिवाळप्पानं मान वळवली. "आमचा पोरगा खाली बसायचा आनि तू त्याच्या डोक्यावर? आमच्याकडं आसं न्हाय चालत."

"मानसिंग, उतर," शिवलिंगप्पा म्हणाला.

"पन शेठ, दांडा..."

"उतर म्हनलं न्हवं!"

मानसिंग उतरला. उतरता उतरता त्या भांगवाल्याला म्हणाला, "धाकटं टेकाड सरलं की वडा. जोर लावून वडा." भांगवाल्यानं घड्याळाकडं बघत मान हलवली. मी म्हटलं, "शिवलिंगप्पा, मानसिंगला वर घे." त्यानं ऐकलं नाही. पाहुणा उंच बसला होता ना, मग झालं. खाली कोण मरतंय ते मागाहून बघू.

आता शेठना भाषण करायचं होतं. गाडी माथ्यावर चढली की भाषण, भाषण संपलं की हात वर करून 'सोडा', असा बेत होता. उभं राहायला उंच काही हवं म्हणून त्यांनी एका सोडावाल्याच्या बाटल्या खाली काढायला लावल्या, पेटी उलटी केली आणि तिच्यावर चढले. सोडावाला बिचारा बाटल्या टोपलीत भरून बाजूला, थेट चढाच्या खांबांपाशी जाऊन उभा राहिला.

बैल निघाले. गाडी वर चालली. पहिल्यांदा खालच्या माणसांची तोंडं दिसेनाशी झाली, मग पालांचे शेंडे दिसले, मग तळं. गुरम्मानं माझा हात धरला होता, पण ती भ्याली नव्हती. "आत्ती, आपली गच्ची बघ की," म्हणाली. मागून मडिवाळप्पाचा आवाज बंद झाला होता. माथ्यावर रामहरीनं आकडा अडकवला, नाडा काढला आणि कान देऊन उभा राहिला. खाली शिवलिंगप्पा पेटीवरून बोलत होता, "सोलापूरच्या नावलौकिकात..." आणि असंच काहीबाही.

तेवढ्यात वरच्या बैठकीवरून बारीक आवाज आला. "बाबा, मला उतरायचंय."

"गप बस."

"न्हाय बाबा, मला उतरायचंय." आणि गुरुसिद्धप्पा उठला. एक पाय त्यानं गाडीबाहेर फळीवर टाकला.

खाली सोडावाल्याला वाटलं, एवढी गर्दी आयती उभी आहे. त्यानं गळा साफ केला. "सोडाऽऽ! थंडगार सोडाऽऽ!"

रामहरीनं आकडा सोडला.

त्या माणसाला मी आजही दोष देत नाही. सोडा म्हटलं की सोडायचं, असं त्याला सांगितलं होतं. गुरुसिद्धप्पानं मात्र गाडी हलल्याबरोबर दुसराही पाय बाहेर काढला आणि रामहरीच्या गळ्याला मिठी मारली. दांडा मोकळा. पुढं मी आणि पोर, मागं मडिवाळप्पा, आणि खाली ओंडका.

उतारावर गाडी सुसाट सुटली. मडिवाळप्पा "अव्वा! अव्वा!" असा आईचा धावा करत माझ्या पदराला लोंबकळला. आमच्याकडं अशी वांगी आणि आमच्याकडं असा ऊस, ते सगळं त्या एका 'अव्वा'त निघून गेलं. गाडी तळाला जाऊन धाकट्या टेकाडावर चढली, तशी जरा मंदावली. गुरम्मानं एकदा मागं बघितलं. रिकामी बैठक बघितली. तिचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मी विसरणार नाही. भीतीचा नव्हता तो. ताटात वाढलेलं कुणी उचलून नेल्यावर पोरं बघतात, तशी ती बघत होती.

मग तिनं कासोटा आवळला आणि उठली. मध्ये मडिवाळप्पा. होणारा सासरा, ज्याच्यासमोर मान वर करायची नाही. तिनं एक पाय त्याच्या मांडीवर दिला, दुसरा खांद्यावर, तिसऱ्यांदा टेकला तो पटक्यावर, आणि दांड्याला दोन्ही हातांनी लटकली. चाकं किंचाळली. जळक्या लाकडाचा वास आला. गाडी ओंडक्यापाशी येऊन थांबली, मध्ये पाऊल मावेल एवढी जागा ठेवून.

जत्रा एकदम ओरडायला लागली. मी खाली उतरले आणि तिथंच जमिनीवर बसले. शिवलिंगप्पा पेटीवरून उडी मारून आला. आला तो पोरीकडं नव्हे, रामहरीकडं बघून ओरडत. "कुनी सांगितलं सोडायला?"

"त्यानं," माथ्यावरून रामहरीनं सोडावाल्याकडं बोट केलं. गुरुसिद्धप्पा अजून त्याच्या गळ्यात होता.

मडिवाळप्पाला दोघांनी धरून उतरवला. पटका हातात घेऊन तो त्याच्यावरचा पावलाचा ठसा बघत राहिला. जीव वाचला, लेकानं पळ काढला, यातलं काहीच त्याच्या ध्यानात नव्हतं. "पोरीचा पाय लागला," तो म्हणाला. "सासऱ्याच्या डोक्यावर पाय! आमच्याकडं आसल्या सुना न्हाईत. सोयरीक मोडली."

आणि माझा भाऊ, सोलापूरचा नावलौकिक, त्याच्या पाया पडला. सगळ्या जत्रेदेखत. "चुकलं पोरीचं," म्हणाला. "पदरात घ्या." चुकलं! तिचे तळहात सोलून निघाले होते, आणि चुकलं तिचं!

मडिवाळप्पानं सभोवार बघितलं. माणसं रुळांना हात लावत होती, गाडीकडं बोट दाखवत होती. एवढी गर्दी त्याच्या दारात बैलपोळ्यालाही जमत नसेल. भीती उतरली तशी त्याला हाव चढली. पटका डोक्यावर ठेवून तो म्हणाला, "झालं ते झालं. आमी मोट्या मनाची मानसं. पोरगी करून घेतो. पन ही गाडी तिच्यासंगं मैंदर्गीला यील. आमच्या मळ्यात हुबी करू."

शिवलिंगप्पा पायांवरून उठला. एवढ्या वेळात पहिल्यांदा ताठ उभा राहिला. एक हात मागं नेऊन त्यानं गाडीची कड धरली.

"पोरगी घ्या," तो म्हणाला. "गाडी न्हाय."

गुरम्मा तिथंच होती, दांड्यापाशी, हातावर फुंकर घालत. तिची फुंकर थांबली. मी जवळ गेले. ती रडली नाही. मला तर तेव्हा भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी शंभूमहादेवाला नारळ फोडावासाही वाटला. त्या एका वाक्यानं सोयरीक खरोखरच मोडली. मडिवाळप्पा लेकाला माथ्यावरून शिडीनं उतरवून घेऊन गेला, 'डबेवाले, डबेवाले' पुटपुटत. पोर वाचली. पण बापानं तिला वाचवली नाही. त्यानं गाडी वाचवली, त्यात ती उरली.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "शेट, गाडी येवढी लाडकी, तर बसा की!" दुसरा म्हणाला, "शेट कशाला बसत्यात, शेट पेटीवर बसत्यात!" हशा पिकला. शिवलिंगप्पा म्हणाला, आज मुहूर्त नाही. म्हणाला, जेवण जड झालंय. म्हणाला, उद्या नक्की.

"बसा की आप्पा," गुरम्मा म्हणाली. फार हळू म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकलं. "लई सुखाची हाय, तुमीच म्हनालात न्हवं."

पोरीनं चारचौघांत बोलावल्यावर बापाला मागं सरायला जागा उरली नाही. गड्यांनी गाडी ओढून पुन्हा चढाच्या पायथ्याशी आणली, तसा तो पुढच्या बाकड्यावर जाऊन बसला, दोन्ही हातांनी कड धरून. मानसिंग दांड्याकडं निघाला, तर गुरम्मानं त्याला थांबवलं. "मला जमतंय," म्हणाली, आणि हाताला पदराची चिंधी गुंडाळून उंच बैठकीवर चढली. मानसिंगनं तिच्याकडं बघितलं, ओंडक्याकडं बघितलं आणि बाजूला झाला. मी मागच्या बाकड्यावर बसले. हे बघायचं सोडून घरी जाणं मला या जन्मी जमलं नसतं. चढताना तिनं वर रामहरीला हाक मारून सांगितलं, "मामा, खालचं काय बी ऐकू नका. मी म्हनलं तरच."

गाडी वर गेली. रामहरीनं आकडा लावला. खाली कुणी भाषण करत नव्हतं, सोडावालाही टोपली धरून वर बघत होता. शिवलिंगप्पानं एकदा खाली वाकून बघितलं आणि डोळे मिटले. फेटा तेवढा पुढं बघत होता.

"उतरव मला, गुरव्वा," तो म्हणाला. लहानपणचं नाव. किती वर्षांनी त्याच्या तोंडात आलं होतं.

"उतरवते. आदी एक सांगा, आप्पा. पोरगी की गाडी?"

"आसं काय इचारतीस..."

"सांगा की. पोरगी की गाडी?"

"पोरगी!" तो ओरडला. "पोरगी गं माजी! गाडी गेली चुलीत! पोरगी!" त्याच्या गालांवरून पाणी आलं होतं. खाली जत्रेनं टाळ्या वाजवल्या. मलाही क्षणभर वाटलं, चला, एवढा डोंगर चढून का होईना, माणूस आपल्या लेकरापाशी आला. मी मागं वळून गुरम्माकडं बघितलं, तिला हसताना बघावं म्हणून.

ती हसत नव्हती. बापाच्या पाठीकडं बघत होती. डोळे बाकी भरले होते.

"भ्याला म्हनून बोलतोय, आत्ती," ती म्हणाली. मग दांड्यावरची चिंधी तिनं घट्ट केली आणि रामहरीला सांगितलं, "सोडा."